अडखळणाऱ्या इंजिनाची चौकशी

फोक्सवॅगनच्या कारखान्यात जिची दप्तरी नोंद केवळ ‘टाइप २’ अशी होती, आणि जिच्या पोटात गादी, कपाट, शेगडी व पाण्याची टाकी बसवून युरोप-अमेरिकेतील असंख्य कुटुंबांनी जिला आपले फिरते बिऱ्हाड बनविले, त्या पेटीवजा मोटारगाडीचे उत्पादन ८ मार्च १९५० रोजी जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग येथे सुरू झाले. १९५६ साली ते हानोव्हर शहरी हलविण्यात आले, आणि जर्मनीत तिची जागा नव्या पिढीच्या गाड्यांनी घेतल्यानंतरही ब्राझीलमध्ये तिचे वंशज २०१३ सालच्या अखेरीपर्यंत निर्माण होत राहिले. व्हीडेनब्रुक येथील वेस्टफालिया या कारखान्याने १९५१ पासून या गाडीत राहण्याची सोय करून देण्याचा उद्योग आरंभिला, आणि ‘कॅम्पर’ म्हणताच आज जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते ते बव्हंशी त्याच उद्योगाचे फलित होय. महाराष्ट्राशीही या गाडीच्या इंजिनाचे दूरचे नाते आहे. पुण्याजवळ आकुर्डीत बजाज टेम्पोने बनविलेली आणि आपल्याकडे लग्नाच्या वऱ्हाडापासून भाजीच्या पाट्यांपर्यंत सर्व काही वाहून नेणारी मॅटॅडोर डिझेलवर चाले, हे खरे. परंतु ते नाव जिच्यावरून आले ती हॅम्बुर्गजवळच्या टेम्पो कारखान्याची १९४९ सालची मूळ मॅटॅडोर फोक्सवॅगनच्याच हवेने थंड होणाऱ्या, पंचवीस अश्वशक्तीच्या इंजिनावर धावत होती.

या जुन्या कॅम्पर गाड्यांच्या मालकांची, मग ते श्टुटगार्टचे असोत, कॅलिफोर्नियाचे असोत वा हौसेने अशी गाडी मिळवून जतन करणारे आपल्याकडील कोणी असोत, एक तक्रार सार्वत्रिक आहे. गाडी सुरू होते, परंतु इंजिन एकसारखे चालत नाही. सिग्नलला उभे असता थरथरते, चढाला झटके देते, मध्येच सायलेन्सरमधून फट् असा आवाज काढते. आपल्याकडील मिस्त्री यालाच ‘गाडी मिसिंग मारते’ असे म्हणतात. या तक्रारीची चौकशी कशी करावी हे सांगण्याचा येथे उद्देश आहे, आणि त्यातही मुख्य भर एका गोष्टीवर आहे: चौकशीला क्रम असतो, आणि तो क्रम मोडला की निर्दोष भाग बदलले जातात, पैसा जातो आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

१९६७ ते १९७९ या काळात जर्मनीत बनलेल्या, पुढची काच एकसंध व वळणदार असलेल्या गाडीचे सोळाशे सीसीचे इंजिन आपण नमुन्यादाखल घेऊ. त्याचे नेमके आकारमान १५८४ घन सेंटिमीटर, शक्ती पन्नास अश्वशक्तीच्या आतबाहेर, आणि भरलेल्या कॅम्परचे ओझे सुमारे दोन टन. म्हणजे घाट चढताना या इंजिनाला कितीतरी वेळ आपल्या शक्तीच्या परमावधीला राहून राबावे लागते. ते गाडीच्या मागच्या टोकाला बसविलेले असते, त्याचे चार सिलिंडर दोन-दोनच्या जोडीने डावी-उजवीकडे आडवे पसरलेले असतात, आणि त्याला पाणी नाही, रेडिएटर नाही. पट्ट्यावर फिरणारा एक पंखा पत्र्याच्या आवरणातून त्यांवर हवा फेकतो, तेवढाच त्याचा थंडावा. चार भोयांच्या पालखीत एकाने खांदा काढून घेतला तर पालखी पडत नाही, पण हेलकावे खाते आणि उरलेल्या तिघांवर भार येतो. चारांपैकी एका सिलिंडरात स्फोट झाला नाही म्हणजे इंजिनाची नेमकी तीच अवस्था होते.

सिलिंडरात स्फोट व्हावयास तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पेट्रोल व हवा यांचे योग्य मिश्रण, ते मिश्रण घट्ट दाबून धरणारे कॉम्प्रेशन, आणि नेमक्या क्षणी पडणारी सशक्त ठिणगी. आता मौज अशी की, यांपैकी पेट्रोलचा कारभार पाहणारा कार्बोरेटर हा इंजिनाच्या माथ्यावर, झाकण उघडताच दिसेल असा बसलेला आहे आणि त्याला फिरविता येण्याजोगे स्क्रू आहेत. त्यामुळे गाडी अडखळली की मालकाचा हात आणि पुष्कळदा मिस्त्रीचाही हात प्रथम त्या स्क्रूंकडे जातो. माझे स्पष्ट मत असे आहे की, कार्बोरेटरला सर्वांत शेवटी हात लावावा. कारण व्हॉल्व्हची फट बदलली की सिलिंडरात शिरणाऱ्या मिश्रणाचे मान बदलते, पॉइंटची फट बदलली की ठिणगीची वेळ बदलते, आणि ठिणगीची वेळ बदलली की कार्बोरेटरचे सारे गणित बदलते. म्हणून आधी टॅपेट, मग पॉइंट, मग टायमिंग आणि सर्वांअखेर कार्बोरेटर, हाच क्रम शास्त्रशुद्ध ठरतो. उलट क्रमाने जाणारा मनुष्य प्रत्येक पायरीवर आपणच आधी केलेले काम बिघडवीत जातो.

परंतु पान्याला हात घालण्यापूर्वी तक्रारीची इत्यंभूत कैफियत करून घ्यावी. इंजिन थंड असता अडखळते की तापल्यावर, उभ्या गाडीत की वेगात, सपाटीवर की चढाला, आणि हे हळूहळू वाढत गेले की एका दिवसात उद्भवले, या प्रश्नांच्या उत्तरांतच निम्मा तपास दडलेला असतो. स्लो स्पीडला बंद पडणारी परंतु वेगात सुरळीत धावणारी गाडी कार्बोरेटरच्या छोट्या जेटकडे अथवा कोठून तरी चोरट्या वाटेने शिरणाऱ्या हवेकडे बोट दाखविते. उलट उभी असता शांत, पण चढाला भार पडताच झटके देणारी गाडी बहुधा प्लग, वायर, कॉइल यांच्या दुर्बलतेची साक्ष देते, कारण सिलिंडरातील दाब वाढला की ठिणगीला उडी मारणे अधिक कठीण होते. गाडी गॅरेजमध्ये सबंध हिवाळा उभी होती काय, हेही विचारावे. साचलेल्या पेट्रोलचा चिकट थर जेटमध्ये बसतो आणि पॉइंटच्या तोंडावर गंज चढतो.

त्यानंतर अपराधी सिलिंडर कोणता हे ठरवावे. इंजिन स्लो स्पीडला चालू ठेवून, जाड रबरी हातमोजा घालून वा लाकडी मुठीच्या चिमट्याने, एकेका प्लगची वायर क्षणभर काढावी आणि पुन्हा बसवावी. ज्याची वायर काढताच इंजिन अधिक थरथरते तो सिलिंडर आपले काम करीत होता. ज्याची वायर काढूनही काही फरक पडत नाही तोच सिलिंडर आधीपासून गप्प बसलेला आहे. येथे क्रमांकांचा घोटाळा होऊ देऊ नये: गाडीच्या चालीच्या दिशेने तोंड करून उभे राहिले असता उजवीकडचा पुढचा सिलिंडर १, त्याच्या मागचा २, डावीकडचा पुढचा ३ व मागचा ४, आणि ठिणगी पडण्याचा क्रम मात्र १-४-३-२ असा आहे. नुकतेच कोणी काम केल्यावर गाडी अडखळू लागली असेल तर दोन वायरींची अदलाबदल झाली नाही ना, एवढी खातरजमा आधी करावी.

मग चारही प्लग काढून ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने फडक्यावर मांडावेत. फिकट तपकिरी टोक म्हणजे सर्व ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त वा ठिणगी अशक्त. ओलसर तेलकट काळेपणा म्हणजे रिंग अथवा व्हॉल्व्हच्या वाटेने ऑइल वर येत आहे. आणि पांढरेफटक, भाजल्यासारखे टोक हा सर्वांत गंभीर इशारा, कारण तेथे पेट्रोल कमी व हवा जास्त अशी स्थिती असून हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला ती फार काळ सोसत नाही. चारही प्लग सारखेच काळे असतील तर दोष सामाईक आहे. एकच वेगळा असेल तर दोष त्या सिलिंडरापुरता आहे. एका बाजूचे दोन्ही पांढरे असतील तर त्या बाजूच्या इनटेक पाइपाचा रबरी जोड फाटला असण्याचा संभव मोठा. प्लगच्या टोकाची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवावी.

आता टॅपेट. हे काम रात्रभर उभ्या असलेल्या, पूर्ण थंड इंजिनावरच करावयाचे असते. गाडीखाली शिरून, जाड तारेच्या कमानीने दाबून बसविलेले रॉकरचे पन्हाळी झाकण सोडविले की थोडे ऑइल गळते आणि प्रत्येक सिलिंडराचे दोन व्हॉल्व्ह व त्यांवर टेकणारे स्क्रू समोर येतात. पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, ०.१५ मिलिमीटरची फिलर गेजची पाती व्हॉल्व्हची दांडी व स्क्रू यांच्या मधून सरकवावी. ती किंचित घासत, परंतु अडल्याविना गेली पाहिजे. फट जमली म्हणून लॉकनट आवळावा तर नटाबरोबर स्क्रूही केसभर फिरतो आणि फट पुन्हा बदलते. म्हणून नट आवळल्यावर पाती पुन्हा घालून पाहणे हा या कामाचा अनिवार्य भाग आहे, आणि घाईत नेमका तोच वगळला जातो.

या फटीविषयी एक गैरसमज इतका रुजलेला आहे की त्याचा खुलासा विस्ताराने केला पाहिजे. टॅपेट टकटक वाजू लागले की मालक घाबरतो, आणि आवाज बंद होईपर्यंत स्क्रू आवळून घेतो. वस्तुतः वाजणारे टॅपेट फारसे घातक नाही, घातक आहे ते गप्प टॅपेट. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हा जळत्या वायूच्या झोताला सतत तोंड देतो आणि मिटलेला असताना आपल्या बैठकीला घट्ट टेकूनच तो आपली बहुतेक उष्णता सिलिंडर हेडच्या धातूकडे सोपवितो. वापराने व्हॉल्व्हची बैठक झिजते, दांडी ताणली जाते, फट हळूहळू मिटते, आणि एक दिवस असा येतो की व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. मग उष्णता जाण्यास वाट उरत नाही, कॉम्प्रेशन निसटू लागते, आणि व्हॉल्व्हची कड जळते अथवा त्याचे डोके तुटून पिस्टनवर पडते. हे सारे घडत असता बाहेर ऐकू काही येत नाही, उलट इंजिन पूर्वीपेक्षा शांत भासते. यात तिसऱ्या सिलिंडराचे दुर्दैव विशेष. १९७० पर्यंतच्या इंजिनांत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणातच उभा असे, त्यामुळे त्यातून तापून आलेली हवा तिसऱ्या सिलिंडराच्या वाट्याला येई. कित्येक डिस्ट्रिब्यूटरांत तर केवळ त्या सिलिंडराची ठिणगी तीन-चार अंश उशिरा पडावी अशी मुद्दाम तजवीज केलेली आढळते. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर वेगळ्या खोबणीत नेण्यात आला. तथापि टॅपेट तपासताना तिसऱ्या सिलिंडराच्या एक्झॉस्टची फट लिहून ठेवावी, आणि दर पाच हजार किलोमीटरला, म्हणजे ऑइल बदलण्याच्या वेळीच, ती पडताळून पाहावी. दर खेपेस तीच फट मिटलेली आढळत असेल तर तो व्हॉल्व्ह सेवेतून निवृत्त करण्याची वेळ आली असे समजावे.

टॅपेटनंतर डिस्ट्रिब्यूटर, ज्याला आपल्याकडील गॅरेजमध्ये सर्रास डेल्को म्हणतात. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असता चार सिलिंडरांना मिळून सेकंदाला शंभर ठिणग्या पुरवाव्या लागतात, आणि यातील प्रत्येक ठिणगी पॉइंट उघडण्याच्या क्षणी जन्मते. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर असावी. त्याची फायबरची टाच कॅमवर घासून झिजत जाते, तशी फट घटते, आणि ठिणगी उशिरा पडू लागते. मालकाला मात्र एवढेच जाणवते की गाडीला पूर्वीचा पिकअप राहिला नाही. पॉइंटच्या तोंडावर निळसर जळकट डाग वा खड्डे दिसल्यास कंडेन्सरवर संशय घ्यावा. डेल्कोची टोपी आतून उजेडात धरून पाहावी. एका खिळ्यापासून दुसऱ्याकडे गेलेली पेन्सिलीच्या रेघेसारखी बारीक काळी रेषा दिसली, तर तो टोपीला गेलेला तडा असून ठिणगी त्याच वाटेने भलतीकडे निसटत असते. वायरींची परीक्षा रात्री दिवे मालवून करावी. फुटलेल्या वायरीभोवती निळसर प्रकाश खेळताना स्पष्ट दिसतो.

टायमिंगच्या बाबतीत मात्र ऐकीव आकड्यावर विसंबू नये. या इंजिनांच्या काही नमुन्यांत ठिणगी पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वी ७.५ अंश, तर काहींत पोहोचल्यानंतर ५ अंश पडावी असे कारखान्याचे फर्मान आहे, आणि कोणते फर्मान कोणाला लागू हे डिस्ट्रिब्यूटरच्या अंगावर कोरलेल्या क्रमांकावरून ठरते. पन्नास वर्षांत मूळ डिस्ट्रिब्यूटर जाऊन दुसराच बसविलेला असणे नित्याचे आहे. विशेषतः व्हॅक्यूमची डबी नसलेला डिस्ट्रिब्यूटर मागाहून बसविलेला असेल, तर अॅक्सिलरेटर दाबताच क्षणभर इंजिन गुदमरते आणि मग धावते. या दोषापायी कित्येक निरपराध कार्बोरेटर भंगारात गेले आहेत. डबी असेल तर तिची नळी तोंडाने ओढून जिभेने बंद धरावी: आतली तबकडी सरकून तशीच टिकली तर पडदा शाबूत, मागे आली तर फाटलेला.

येथवर सर्व बिनचूक ठरल्यावरच हवा व पेट्रोल यांच्याकडे वळावे. १९७१ पासूनच्या इंजिनांत इनटेक पाइप तीन तुकड्यांचा असून रबरी जोडांनी सांधलेला असतो. इंजिनाच्या उष्णतेने ते जोड कडक होऊन तडकतात आणि तेथून हवा शिरते. ज्या गाड्यांना ब्रेकचा सर्वो आहे तेथे त्याची नळीही संशयास पात्र. इंजिन चालू असता संशयित जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. चाल क्षणभर बदलली तर चोर सापडला. ज्वलनशील द्रव मारून हीच परीक्षा करणारे अनेक आहेत, परंतु तापलेल्या इंजिनावर तसे करणे मला सर्वथा अनुचित वाटते.

मग कार्बोरेटर. चावी फिरविताच त्याच्या बाजूला बसविलेल्या विजेच्या वाल्वने टक् असा आवाज केला पाहिजे. आवाज नसेल तर स्लो स्पीडचे पेट्रोल बंदच राहते, आणि पुष्कळदा निखळलेली एक वायर एवढेच त्याचे कारण असते. स्लो स्पीडच्या जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, तेव्हा टाकीतील गंजाचा एक कण ते बंद करावयास पुरेसा होतो. ते हवेच्या झोताने साफ करावे, तार घालून कदापि नव्हे. सॉलेक्सच्या ३४ पिक्ट-३ या कार्बोरेटरात वेगासाठी मोठा व मिश्रणासाठी छोटा असे दोन स्क्रू एका अंगाला आहेत. थ्रॉटलच्या दांड्यावरील तिसरा स्क्रू स्लो स्पीड वाढविण्यासाठी नाही, आणि तो तसा वापरलेला आढळल्यास पूर्वीच्या मिस्त्रीने खरा दोष झाकला होता असे खुशाल समजावे. उत्तर युरोपातील दमट थंडीत आणखी एक प्रकार घडतो: इनटेकला ऊब देणारी, एक्झॉस्टचा वायू वाहणारी नळी काजळीने तुंबली म्हणजे पेट्रोलच्या बाष्पीभवनाने पाइपावर बर्फ धरते आणि गाडी काही मैलांवर गुदमरून उभी राहते, थोड्या वेळाने बर्फ वितळला की जणू काही झालेच नाही अशी सुरू होते.

सतराशे ते दोन हजार सीसीच्या मोठ्या इंजिनांत दोन कार्बोरेटर असतात, तेथे दोघांची चाल जुळविणे हेच मुख्य काम. अमेरिकेत १९७५ पासून गेलेल्या गाड्यांत पेट्रोल इंजेक्शन आहे. ती यंत्रणा आत येणारी हवा मोजून पेट्रोल देते, म्हणून ऑइल भरण्याचे झाकण सैल राहिले तरीसुद्धा इंजिन अडखळते.

एवढे करूनही एक सिलिंडर गप्पच असेल तर कॉम्प्रेशन मोजावे: इंजिन तापवून, चारही प्लग काढून, कॉइलची जोडणी सोडून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. शंभर ते एकशे तीस पौंडांच्या दरम्यानचा दाब समाधानकारक. चौघांत एकच फार मागे असेल तर सिलिंडर हेड उतरविण्यावाचून गत्यंतर नाही. उभ्या इंजिनात चमचाभर ऑइल टाकून रिंगांची परीक्षा करण्याची रीत या आडव्या सिलिंडरांत भरवशाची ठरत नाही, कारण ऑइल खालच्या अंगालाच साचून राहते.

अखेरीस एका गोष्टीकडे सर्वांचे लक्ष वेधणे मला अत्यावश्यक वाटते. आज जर्मनीत दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०११ पासून विकले जाते, भारतात हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले आहे, आणि त्या इथेनॉलच्या उत्पादनात महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा वाटा मोठा आहे; परंतु पन्नास वर्षांपूर्वीची रबरी नळी या मिश्रणासाठी घडविलेलीच नव्हती. ती कडक होते, कापडी वेष्टणाखाली न दिसता तडकते, आणि तिच्यातून झिरपणारे पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडते. या इंजिनाचा सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे. तो एकदा पेटला की पाण्याने विझत नाही, आणि बिऱ्हाडासह सारी गाडी जाते. म्हणून ज्यांच्या दारात अशी गाडी उभी असेल त्यांनी टॅपेट, पॉइंट, जेट यांचा विचार करण्याआधी मागचे झाकण उघडून पेट्रोलची प्रत्येक नळी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत बोटांनी दाबून, वाकवून पाहावी. बारीकशी चीर दिसली वा पेट्रोलचा वास आला, तर इथेनॉल सोसणारी नवी नळी घट्ट क्लिपांसह बसविल्याखेरीज चावी फिरवू नये.